बदनाम औषधांचे भोई

'जर्नल ऑफ कंट्रोल्ड रिलीज' या नियतकालिकाच्या २००५ सालच्या १०८व्या खंडात एक लेख १९३व्या पानावर सुरू होतो आणि २१४व्या पानावर संपतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ओलांडून औषध नेमक्या जागी नेणारे अतिसूक्ष्म कण आणि त्यांचा अल्झायमरच्या आजारासाठी उपयोग, हा त्याचा विषय. शीर्षकाखाली तेरा नावे आहेत. पहिले सेलेस्ट रोनी यांचे, अमेरिकेतल्या डल्लासच्या वैद्यकीय विद्यापीठातल्या. शेवटचे तेजराज अमीनभावी यांचे, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या पॉलिमर विज्ञान केंद्राचे. मधल्या नावांत फ्रेडरिक बॉन्ट आहेत, पीटर अँटिच आहेत, तैवानचे सुंग आहेत, मल्लिकार्जुन आहेत आणि दोन कुलकर्णी आहेत. कुलकर्णी या आडनावावरून धारवाडात माणूस मराठी की कानडी ते कळत नाही, आणि कळून घ्यायची फारशी कुणाला गरजही वाटत नाही. जी. ए. कुलकर्णींनी आयुष्याची उमेदीची वर्षे याच गावात इंग्रजी शिकवत आणि मराठी कथा लिहीत काढली. मराठीत वाढलेल्या बेंद्र्यांनी इथेच बसून कानडी कविता केली. तेव्हा या यादीतले कोण कुठल्या भाषेचे याचा पंचनामा मी करणार नाही. आपल्याला लेख वाचायचा आहे.

शोधनिबंधाचे कसले आले रसग्रहण, असे कुणी म्हणेल. कवितेचे करावे, बंदिशीचे करावे. धारवाडच्या वाचकाला तर गाण्याचेच सुचणार. पण शोधनिबंधही कुणीतरी रचलेला असतो. काय आधी सांगायचे, काय शेवटी, कुठले औषध निवडायचे, कुठला दोष उघड करायचा, स्वतःच्या कामाला किती जागा द्यायची, हे सगळे निर्णय त्यात असतात आणि ते वाचता येतात. धारवाडच्या या मंडळींचे तीन टप्प्यांतले लेखन मी एकापुढे एक ठेवून वाचले: २००४ चे, २००५ चे आणि २०१० चे. तिन्हींत नायक औषध नाही, औषध वाहून नेणारा कण आहे. पालखीत कोण बसले आहे यापेक्षा भोई कसे चालतात याकडे लेखकांची नजर. आणि पालखीत बसवायला त्यांनी जी औषधे निवडली ती दोन्ही एकेकाळी बदनाम होऊन हाकलली गेलेली. हा योगायोग असेल. त्यांनी त्याचा डंका कुठे पिटलेला नाही. मला मात्र सगळ्या लेखनाचा गाभा तिथेच सापडला.

आधी अडसर समजून घेऊ. १८८५ मध्ये पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडले. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. एर्लिखला वाटले, मेंदूच्या पेशी रंग धरत नसतील. त्याच्याच हाताखालच्या एडविन गोल्डमनने १९१३ मध्ये रंग उलट बाजूने, मेंदूभोवतीच्या द्रवात, सोडून पाहिला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. म्हणजे पेशी रंग धरतात. रक्तातून त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. नेमके कुठे अडते ते दिसायला १९६७ उजाडावे लागले. रीस आणि कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की दोघींच्या मधून काही निसटून जायला फट उरत नाही. जायचे तर पेशीच्या आतून जायचे. चरबीत विरघळणारे लहान रेणू त्या वाटेने जातात, साखरेसारख्या गरजेच्या पदार्थांना त्यांची खास वाट असते, बाकीच्यांना मज्जाव. मेंदूसाठी म्हणून बनवलेल्या लहान रेणूंपैकी सुमारे ९८ टक्के आत पोचत नाहीत, असे या क्षेत्रातले विल्यम पार्ड्रिज सांगत आले आहेत. मेंदूच्या आजारांची औषधे कमी का, याचे निम्मे उत्तर या भिंतीत आहे. औषध सापडत नाही असे नव्हे, सापडलेले पोचत नाही.

आता २००४. त्या वर्षी याच नियतकालिकात धारवाडहून सुनील अग्निहोत्री आणि अमीनभावी यांचा एक प्रयोग छापून आला आणि त्याच वर्षी अग्निहोत्री, मल्लिकार्जुन आणि अमीनभावी यांचा एक मोठा आढावा. आढाव्याचे नाव जगभर झाले. कायटोसानच्या सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म कणांवर काम करणारा माणूस ब्राझीलचा असो की कोरियाचा, संदर्भांच्या यादीत तो लेख येतोच. हजारो निबंधांनी त्याचा हवाला दिला आहे. कायटोसान म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचातल्या कायटिनवर अल्कलीची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ. धारवाडला समुद्र नाही, पण घाट उतरला की कारवार आहे, आणि मासळीबाजारात जे फेकून देतात त्याचेच हे सोने. पदार्थ मोठा गुणी. आम्लात विरघळतो, धन विद्युतभार बाळगतो, त्यामुळे ऋणभारित श्लेष्मल त्वचेला चिकटून राहतो, शरीरात हळूहळू विघटित होतो. नाकातून इन्सुलिन देताना कायटोसान मिसळले तर ते अधिक शोषले जाते, हे नॉटिंगहमच्या लिस्बेथ इलम यांच्या गटाने १९९४ मध्ये उंदीर आणि मेंढ्यांवर दाखवले होते. नाकातून थेट मेंदूकडे औषध नेण्याचे पुढचे कितीतरी प्रयत्न या चिकटपणाच्या भरवशावर उभे आहेत.

पण मला त्या आढाव्यात सर्वांत जास्त आवडते ती पद्धतींच्या वर्णनाची रचना. कण बनवण्याच्या सात पद्धती लेखक एकामागून एक सांगतात. तेलात थेंब धरून त्यांना रसायनाने बांधायचे. द्रावणातून साका बसवायचा. गरम हवेत फवारा मारून वाळवायचे. थेंबात थेंब मिसळू द्यायचे. विद्युतभारांच्या ओढीने गुठळी करायची. उलट्या मायसेलच्या पोटात कण घडवायचा. यांतली विद्युतभारांची पद्धत स्पेनमधल्या सांतियागोच्या मारिया अलोन्सो यांच्या गटाने १९९७ मध्ये नावारूपाला आणली, आणि खऱ्या अर्थाने अतिसूक्ष्म कण तिच्यातून सहज मिळतात. कायटोसानच्या धनभारित द्रावणात ट्रायपॉलीफॉस्फेट टाकायचे, ढवळायचे, झाले. विषारी जोडरसायन लागत नाही. हे सगळे सांगून झाल्यावर अगदी शेवटी लेखक स्वतःची पद्धत मांडतात. ती चाळणीची आहे.

खरोखरच चाळणीची. चार टक्के ॲसिटिक आम्लात कायटोसान विरघळवून दाट खळ करायची. तिच्यात औषध मिसळायचे. मग ग्लुटाराल्डिहाइड घालून ती बांधायची, म्हणजे हाताला न चिकटणारा काचेसारखा गोळा तयार होतो. तो चाळणीतून दाबून काढायचा. पडलेला चुरा सौम्य कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुवायचा, म्हणजे उरलेले ग्लुटाराल्डिहाइड निघून जाते, आणि ४० अंशांवर रात्रभर भट्टीत वाळवायचा. संपले. कणांचा सरासरी आकार ५४३ ते ६९८ मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठा, नुसत्या डोळ्यांना दिसणारा. आकार वेडावाकडा. पण घातलेल्या औषधापैकी ९८.९ टक्क्यांपर्यंत आत टिकले. शंभरातले जेमतेम एक वाया.

जगातल्या प्रयोगशाळांत कण गोल गरगरीत आणि अधिकाधिक लहान करण्याची चढाओढ लागली असताना धारवाडचे दोघे चाळणी घेऊन बसतात आणि आपले कण ओबडधोबड आहेत, मोठे आहेत, हे लपवत नाहीत. पद्धत किचकट नाही आणि मोठ्या प्रमाणावर सहज करता येईल, एवढेच त्यांचे म्हणणे. ज्यांनी सरकारी विद्यापीठातली प्रयोगशाळा पाहिली आहे त्यांना या साधेपणामागचा हिशेब कळेल. महागडे यंत्र नाही म्हणून काम अडू द्यायचे नाही. शिवाय एक गोष्ट तपासायची तर बाकीच्या स्थिर ठेवाव्या लागतात. इथे बदलता ठेवला आहे तो बांधणीचा प्रकार. ग्लुटाराल्डिहाइडने बांधून पाहिले, सल्फ्युरिक आम्लाने बांधून पाहिले, नुसत्या उष्णतेने बांधून पाहिले. बांधणी घट्ट केली की कण कमी फुगतो आणि औषध सावकाश सुटते. संपूर्ण निबंधाचा आलेख या एका वाक्यात मावतो, आणि तो तसा मावतो हे निबंधाचे यश.

आत बसवलेले औषध होते क्लोझापिन. स्किझोफ्रेनियावरचे. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले, आधीच्या औषधांसारखे हातपाय ताठर न करणारे. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये ते घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या, मृत्यू झाले आणि औषधाला देशोदेशी बाहेरची वाट दाखवली गेली. मग १९८८ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसले की ज्यांना दुसरे काहीच लागू पडत नाही अशा रुग्णांना याने फरक पडतो, आणि १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, पण अटीवर: नियमाने रक्त तपासत राहायचे. आजही असाध्य वाटणाऱ्या स्किझोफ्रेनियाला डॉक्टर शेवटी क्लोझापिनकडेच वळतात. धारवाडकराला हे औषध परके नाही. ब्रिटिश अमदानीतला वेड्यांचा दवाखाना या गावात आहे. आता त्याला डिमहान्स म्हणतात, मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्था. निबंधात त्या दवाखान्याचा काही संबंध नाही आणि मी तो ओढूनताणून जोडणार नाही. पण एकाच गावात एका टोकाला या औषधाचे रुग्ण आणि दुसऱ्या टोकाला, विद्यापीठाच्या टेकडीवर, त्याचे कण, हे चित्र वाचकाच्या मनात उमटायचे राहत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण अतिसूक्ष्म कणांच्या नावाखाली वाटेल ते खपवले जाते. क्लोझापिन चरबीत विरघळणारे आहे. मेंदूत शिरायला त्याला कुणाची मदत लागत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा कण तर रक्तातसुद्धा जायचा नाही, मेंदूत कुठला. तो पोटात-आतड्यात राहून औषध थोडे थोडे सोडणार, म्हणजे रक्तातली पातळी एकदम चढायची-उतरायची नाही. आणि पांढऱ्या पेशी कोसळण्याचा धोका औषध हळू सोडल्याने टळतो असेही नाही. तो मात्रेशी सरळ बांधलेला नसतो. म्हणजे या निबंधाने अडसर ओलांडलेला नाही, तो भिंतीच्या अलीकडचाच आहे. वेळेचा प्रश्न त्याने हाती घेतला, वाटेचा नाही.

वाटेचा प्रश्न येतो २००५ मध्ये, आणि तिथे भाषा बदलते, सूर बदलतो. तेरा हातांचे लिखाण आहे, त्यामुळे चाळणीच्या निबंधासारखा एकटाक बांधा त्याला नाही. माझ्या मते वाचनाच्या आनंदात तो २००४ च्या प्रयोगाहून उणा आहे. पण आवाका किती मोठा! रसायनशास्त्र, अणुवैद्यक, मेंदूचा आजार आणि पॉलिमर, चारही एका दावणीला बांधायचे. अल्झायमर म्हणजे नुसते म्हातारपणचे विसरणे नव्हे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण ज्याची बोळवण करत आलो त्यातला मोठा भाग हा आजार होता. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमरने एका बाईंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत जे डाग पाहिले ते अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे साके. त्या साक्यांत तांबे, जस्त आणि लोह नेहमीपेक्षा जास्त साठलेले असते. आणि इथेच दुसऱ्या बदनाम औषधाचा प्रवेश होतो.

क्लायोक्विनॉल. नाव अनोळखी वाटेल. पण 'एंटेरोव्हायोफॉर्म' म्हटले की आधीच्या पिढीतल्या लोकांना ओळख पटेल. जुलाब, आव, परगावचे पाणी बाधणे, सगळ्यावर ही गोळी. प्रवासाच्या पिशवीत असायचीच. जपानमध्येही ती भरपूर खपली, आणि १९५५ पासून तिथे एक विचित्र आजार दिसू लागला. पाय बधिर होत, बधिरता वर चढे, काहींची दृष्टी जाई. दहा हजारांच्या आसपास माणसे सापडली. विषाणू असेल म्हणून वर्षानुवर्षे शोध चालला. मग डॉक्टरांचे लक्ष एका गोष्टीकडे गेले: कित्येक रुग्णांच्या जिभेवर हिरवा थर असे, शौचाला आणि कधी लघवीलाही हिरवट होई. त्या हिरव्या पदार्थाची तपासणी केली तेव्हा तो क्लायोक्विनॉल आणि लोह यांचा जोड निघाला. सप्टेंबर १९७० मध्ये जपानने औषधावर बंदी घातली आणि नवे रुग्ण जवळजवळ थांबले.

हिरव्या जिभेने या औषधाला पकडून दिले. पण ती जीभ हिरवी का झाली? कारण क्लायोक्विनॉल धातूला घट्ट धरते. नेमका हाच गुण तीस वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या ॲशली बुश यांच्या गटाला हवा होता. साक्यातले तांबे-जस्त कुणीतरी ओढून काढले तर साका विरघळेल, हा त्यांचा तर्क. २००१ मध्ये त्यांनी अल्झायमरसारखा आजार जनुकांतूनच दिलेल्या उंदरांना हे औषध नऊ आठवडे तोंडावाटे दिले आणि मेंदूतला अमायलॉइडचा साठा ४९ टक्क्यांनी कमी झाला. २००३ मध्ये ३६ रुग्णांवर छोटी चाचणीही झाली. ज्या सवयीने औषध गुन्हेगार ठरले तीच सवय त्याला परत बोलवायला कारणीभूत. कादंबरीकाराला असे कथानक रचायला घाम फुटेल.

पण परत आणायचे कसे? मोठ्या मात्रेत दिले तर पुन्हा मज्जारज्जू आणि डोळ्यांची नस धोक्यात. मात्रा लहान ठेवायची आणि त्यातला मोठा वाटा मेंदूत पोचवायचा, तर भोई हवेत. २०१० च्या लेखात पी. व्ही. कुलकर्णी, रोनी, अँटिच, बॉन्ट, रघू आणि अमीनभावी यांनी ही जुळणी शीर्षकातच मांडली आहे: क्विनोलिन आणि एन-ब्युटिल-सायनोॲक्रिलेट. क्विनोलिन म्हणजे क्लायोक्विनॉलचे घराणे. आणि सायनोॲक्रिलेट? फेविक्विकचे घराणे. बोटाला लागले तर क्षणात चिकटणारा तो पातळ गोंद या कुटुंबातला. त्याच कुटुंबातला ब्युटिल प्रकार शल्यचिकित्सक जखमेच्या कडा सांधायला वापरतात.

गोंदाचे कण कसे करायचे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. साध्या पाण्यात टाकला तर एकच गोळा व्हायचा. म्हणून पाणी आधी चांगले आम्ल करून घेतात. आम्लात गोंदाची घट्ट होण्याची घाई मोडते. मग डेक्स्ट्रानसारखा स्थिर ठेवणारा पदार्थ घालून, सतत ढवळत, थेंब थेंब गोंद सोडतात. प्रत्येक थेंब फुटून असंख्य सूक्ष्म कण होतात आणि ते सावकाश घट्ट होतात. काही तासांनी अल्कली घालून आम्ल मारले की काम पुरे. पाणी दुधासारखे दिसू लागते. कणांचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. चाळणीतून पडलेल्या कणाशेजारी ठेवले तर हे दिसणारच नाहीत.

पण नुसते लहान होऊन भागत नाही. भिंतीत फटच नाही म्हटल्यावर लहान कणही अडणार. ही गाठ फ्रँकफर्टच्या योर्ग क्रॉइटर यांनी सोडवली. १९९५ मध्ये त्यांनी रशियन सहकाऱ्यांबरोबर डालार्जिन नावाचे वेदनाशामक पेप्टाइड अशा कणांवर बसवले आणि कणांना पॉलिसॉर्बेट-८० चा थर दिला. हा पदार्थ आइस्क्रीम मऊ राहावे म्हणूनही घालतात. नुसते डालार्जिन शिरेतून दिले तर उंदरांच्या वेदनेवर काही परिणाम होत नसे, कारण ते मेंदूत जातच नसे. थर दिलेल्या कणांवरून दिले तेव्हा वेदना कमी झाली. स्पष्टीकरण असे की रक्तात शिरल्यावर या थरावर शरीराचेच एक प्रथिन, ॲपोलायपोप्रोटीन-ई, येऊन बसते. मेंदूच्या वाहिन्यांतल्या पेशी त्या प्रथिनावरून कणाला रक्तातल्या चरबीचा कण समजतात आणि आत ओढून घेतात. भिंत फोडायची नाही, ओळखीने आत जायचे.

ही गोष्ट इतकी मोहक आहे की तिच्यावर शंका घेणारेही निघाले, आणि त्यांची शंका मला महत्त्वाची वाटते. १९९९ मध्ये फ्रान्समधल्या ओलिव्हिए यांच्या गटाने म्हटले की हे कण ओळखीने जात नसतील. ते भिंतीला इजा करून तिला ढिली करत असतील आणि मग औषध तसेच आत झिरपत असेल. दोन्ही बाजूंनी पुढे बरेच प्रयोग झाले. ॲपोलायपोप्रोटीनची वाट आज बहुतेकांना मान्य आहे, पण इजेचा प्रश्न विचारल्यावाचून अशा कणांवरचा कुठलाही निबंध वाचू नये असे मला वाटते. वाहक निरुपद्रवी आहे हे गृहीत धरायची सवय या क्षेत्राला फार आहे. चाळणीवाल्यांनी ग्लुटाराल्डिहाइड धुऊन काढायची पायरी सांगायला विसरू नये, आढाव्यात विषारी जोडरसायनाशिवायच्या पद्धतींची बाजू मांडावी, या काळजीचे म्हणूनच मोल आहे.

आता २००५ आणि २०१० ची शीर्षके शेजारी ठेवा. २००५ चे म्हणते: अल्झायमरसाठी औषध पोचवणे. २०१० चे म्हणते: अल्झायमरच्या निदानासाठी मेंदूवर नेम धरणे. पाच वर्षांत उपचार मागे पडला आणि निदान पुढे आले. घाईच्या वाचकाला ही माघार वाटेल. मला हे त्या सगळ्या लेखनातले सर्वांत समंजस पाऊल वाटते. साका विरघळवला म्हणून आठवण परत येते का, हेच तेव्हा नक्की नव्हते. पुढे क्लायोक्विनॉलच्याच जातीचे पीबीटी-२ हे औषध २०१४ मध्ये माणसांवरच्या चाचणीत अपेक्षा पुरी करू शकले नाही. पण साका जिवंतपणी दिसणे ही तेव्हाची खरी निकड होती. पक्के निदान तोवर मृत्यूनंतर मेंदू उघडूनच होत असे. आणि दिसण्यासाठी औषध फार थोडे पुरते. बदनाम औषधाला एवढ्या लहान मात्रेत कुणी भ्यायचे कारण नाही.

शिवाय क्लायोक्विनॉलच्या रेणूतच एक सोय आधीपासून बसलेली आहे. त्याच्या सातव्या जागी आयोडीनचा अणू असतो. एरवी औषधाला किरणोत्सारी खूण लावायची तर त्याच्या अंगावर काहीतरी नवे जोडावे लागते, आणि जोडले की औषधाचा स्वभाव बदलतो. इथे जोडायचे काही नाही. साधे आयोडीन काढायचे आणि तिथे किरणोत्सारी आयोडीन बसवायचे. रेणू आहे तसाच राहतो. डल्लासच्या चमूने आयोडीन-१२५ वापरून ते केले. त्यांचा २००९ चा प्रयोग सांगतो की ब्युटिल-सायनोॲक्रिलेटच्या कणांतून दिलेले हे औषध नुसत्या औषधापेक्षा उंदरांच्या मेंदूत अधिक पोचले, आणि ज्या उंदरांत अमायलॉइड होते त्यांच्या मेंदूत ते निरोगी उंदरांपेक्षा जास्त रेंगाळले. अल्झायमरने मरण पावलेल्या माणसांच्या मेंदूच्या कापांवरही ते बसलेले दिसले.

आयोडीन-१२५ ची अर्धी शक्ती सरायला जवळजवळ साठ दिवस लागतात आणि त्याचे किरण दुबळे असतात. प्रयोगशाळेला सोयीचे, माणसाच्या कवटीबाहेर ठेवलेल्या कॅमेऱ्याला नाही. माणसासाठी आयोडीन-१२३ हवे, तेरा तासांत निम्मे होणारे. तिथवर हे कण गेले नाहीत. दरम्यान साके दाखवणारी दुसरी रसायने आली, जी कणांच्या मदतीवाचून स्वतःच भिंत ओलांडतात, आणि २०१२ मध्ये त्यांतल्या एकाला अमेरिकेत मान्यताही मिळाली. अमीनभावी पुढे हुबळीच्या के. एल. ई. तंत्रविद्यापीठात गेले आणि त्यांच्या नावावर पॉलिमरचे काम साठतच राहिले. त्या सगळ्यातून एकच काही वाचायला सुचवा असे कुणी म्हटले, तर मी २०१० चा नाही, २००५ चाही नाही, क्लोझापिन आणि चाळणीचा तो २००४ चा प्रयोग पुढे करीन. मेंदूच्या भिंतीपासून तो तिघांत सर्वांत लांबचा; पण त्यातली प्रत्येक कृती, रसायनशास्त्राचा कुठलाही विद्यार्थी उद्या सकाळी स्वतः करून पाहू शकेल इतकी स्वच्छ लिहिलेली आहे.